फ्रँकेनस्टाईनच्या राक्षसाची वाचा कुठे गेली?

पुस्तकखूण

आमच्या भागातल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी मी आठवी-नववीच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी असलं तर वाचता वाचता मराठीत सांगत जाते. गेल्या महिन्यात मेरी शेलीचं 'फ्रँकेनस्टाईन' घेतलं. आधी कागद वाटले आणि म्हटलं, हे नाव ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते काढा. १९ मुलं होती. पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं, जुना सिनेमाही पाहिलेला नव्हता. तरी १९ कागदांवर एकच गडी उभा राहिला: सपाट डोकं, कपाळावर टाके, मानेत दोन बोल्ट, अंग हिरवं, हात पुढे ताठ. कुणी तो कार्टूनमध्ये पाहिला होता, कुणी मोबाइलच्या खेळात, कुणी वाढदिवसाच्या मुखवट्यावर.

मग वाचायला बसलो. पुस्तकातला तो आठ फूट उंच आहे. कातडी पिवळसर आणि इतकी ताणलेली की खालचे स्नायू आणि शिरा जेमतेम झाकल्या जातात. केस काळेभोर, चमकदार, लांब. दात मोत्यासारखे. डोळे मात्र फिकट, पाझरणारे, आणि ओठ काळे, सरळ रेघेसारखे. त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरने एकेक अवयव सुंदर म्हणून निवडलेला असतो, आणि ते सगळे एका चेहऱ्यावर आले की बघवत नाहीत. बोल्ट कुठेच नाहीत. किल्ला नाही, गच्चीवर कडाडणारी वीज नाही, कुबडा मदतनीस नाही. व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन डॉक्टरसुद्धा नाही, जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकणारा मुलगा आहे. घराच्या वरच्या मजल्यावरची एक खोली, नोव्हेंबरची रात्र, बाहेर पाऊस, विझत आलेली मेणबत्ती, एवढ्यावर सगळं होतं. आणि तो प्राणी ताठ पाय टाकत चालत नाही. बर्फाच्या भेगांवरून माणसाला जमणार नाही अशा वेगाने झेपा घेत येतो.

इथपर्यंत मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुस्तकात वेगळं असतं आणि सिनेमात वेगळं, याची त्यांना सवय आहे. खरी गडबड उडाली ती मधल्या भागात. आल्प्समधल्या हिमनदीवर तो आपल्या निर्मात्याला गाठतो आणि म्हणतो, आधी माझं ऐकून घे. मग सलग सहा प्रकरणं तोच बोलतो. जंगलातल्या एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून एका परागंदा फ्रेंच कुटुंबाकडे बघत तो भाषा शिकतो. पहिले शब्द येतात ते विस्तव, दूध, भाकरी, लाकूड. त्या घरासाठी तो रात्री गुपचूप लाकडं तोडून दाराशी रचून ठेवतो. रानात त्याला एक चामडी पेटी सापडते. तिच्यात मिल्टन, प्लुटार्क आणि गटे यांची पुस्तकं असतात आणि तो तिन्ही वाचून काढतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं पुढे काय झालं हे फटीतून ऐकून तो रडतो. आपल्याला कोकरू मारून खायची गरज नाही, रानातली फळं पुरतात, असं व्हिक्टरला सांगतो.

एक मुलगी मध्येच म्हणाली, "ताई, म्हणजे हा बोलतो?"

मी ती १९ चित्रं पुन्हा चाळली. एकाही चित्रात तोंड उघडं नव्हतं.

तेव्हापासून मी शोधते आहे की याची वाचा गेली कधी. मला वाटलं होतं सिनेमाने घालवली असेल. उत्तर त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं निघालं. पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लंडनला निनावी छापलं गेलं, ५०० प्रती. जुलै १८२३ मध्ये तिथल्या इंग्लिश ऑपेरा हाऊसमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक यांनी त्यावर नाटक लावलं. त्या काळी संवादप्रधान नाटकं करण्याचा परवाना लंडनमधल्या मोजक्याच नाट्यगृहांना होता. बाकीच्यांचा भर संगीत, मूकाभिनय आणि देखाव्यांवर. पीकच्या नाटकातला प्राणी एक अक्षर बोलत नाही. फ्रिट्झ नावाचा भित्रा नोकरही याच नाटकात पहिल्यांदा येतो, पुढे सिनेमात तोच कुबडा होतो. पात्रांच्या यादीत प्राण्याच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. मेरी स्वतः त्या ऑगस्टमध्ये नाटक बघून आली आणि ती रेघ तिला आवडली, असं तिने एका पत्रात लिहिलं आहे. नाटक चाललं म्हणून तिच्या वडिलांनी पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढवली आणि इंग्लंडमध्ये तिचं नाव तिच्या पुस्तकावर पहिल्यांदा छापून आलं ते त्या आवृत्तीत.

नंतर १९३१. दिग्दर्शक जेम्स व्हेल, नट बोरिस कार्लोफ, रंगभूषाकार जॅक पिअर्स. मुलांनी काढलं ते सगळं पिअर्सच्या हातचं आहे. भांड्याच्या झाकणासारखी कवटी उघडून मेंदू आत ठेवला असेल, म्हणून डोकं सपाट. वीज आत सोडायची म्हणून मानेत ती दोन टोकं. आणि आवाज म्हणजे गुरगुरणं. १९३५ च्या पुढच्या सिनेमात त्याला थोडे तुटक शब्द मिळाले, १९३९ ला तेही गेले. १९४२ च्या सिनेमाच्या शेवटी तो आंधळा होतो. १९४३ च्या सिनेमात ही भूमिका बेला लुगोसीने केली. त्यात तो बोलत होता आणि आंधळा म्हणून हात पुढे धरून चाचपडत होता. प्रदर्शनाआधी त्याचे सगळे संवाद कापले आणि आंधळेपणाचे उल्लेखही कापले. हात तेवढे पुढे राहिले. माझ्या वाचनालयातल्या १९ मुलांनी काढलेले हात ते हे. आंधळ्याचे आहेत हे कुणाला ठाऊकच नाही.

चेहरा बदलला याचं मला फारसं काही वाटत नाही. वाचा गेली तिच्याबरोबर त्याची बाजू गेली, हे मात्र लागतं. १९३१ च्या सिनेमात फ्रिट्झ चुकून गुन्हेगाराचा मेंदू चोरून आणतो. म्हणजे हा मुळातच बिघडलेला. पुस्तकात असं काही नाही. तिथे तो चांगला असतो, आणि निर्माता पळून जातो, म्हातारा आंधळा सोडून बाकी सगळे त्याला मारायला धावतात, तेव्हा तो बिघडतो. पुस्तकात तो नदीत पडलेल्या मुलीला वाचवतो आणि त्याबद्दल बंदुकीची गोळी खातो. सिनेमात तो एका लहान मुलीला तळ्यात फेकतो, कारण तिने फुलं टाकलेली तरंगली तशी तीही तरंगेल असं त्याला वाटतं. ते फेकणंसुद्धा तेव्हा बऱ्याच ठिकाणी कापलं गेलं आणि १९८० च्या दशकात परत जोडलं गेलं. मधली कितीतरी वर्षं लोकांनी पाहिलं ते इतकंच की तो मुलीकडे हात नेतो आणि मग बाप तिचं कलेवर घेऊन गावातून चालतो. लोकांनी काय काय कल्पना केल्या असतील.

आपल्याकडे वर्तमानपत्रात याला समांतर म्हणून 'भस्मासुर' लिहितात. आपणच उभा केला आणि आपल्यावरच उलटला. मला हा शब्द खटकतो. भस्मासुर वर मागून घेतो आणि वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावतो. या बिचाऱ्याने काहीच मागितलं नव्हतं. जन्मसुद्धा.

तुमच्या मनातलं चित्र कुठून आलं? आणि पुस्तक वाचल्यावर ते पुसलं गेलं का?

वाचनमात्र

सुरेख लिहिलंय. माझ्या मनातलं चित्र लहानपणी शेजाऱ्यांच्या व्हिडिओवर पाहिलेल्या सिनेमाचं. पुस्तक दोनदा वाचलं, तरी पिवळी कातडी आणि काळे केस दिसत नाहीत. वाचताना ऐकू पुस्तकातलं येतं आणि दिसतो कार्लोफ. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, याचा मला वाचताना त्रास होतो.

भुईकोट

कार्लोफचा विषय निघालाच आहे तर एक धागा थेट आमच्या नगरपर्यंत येतो, तो इथे नोंदवून ठेवतो.

बोरिस कार्लोफ हे नाव त्याने घेतलेलं. जन्माचं नाव विल्यम हेन्री प्रॅट, १८८७, लंडन. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात होते. आईचं माहेरचं नाव एलायझा सारा मिलार्ड. या एलायझाची सख्खी मावशी अॅना एडवर्ड्स, तिचा जन्म १८३१ चा, अहमदनगरचा. म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिचं बालपण मुंबई इलाख्यातल्या लष्करी वस्त्यांत गेलं. पुढे ती अॅना लिओनोवेन्स या नावाने सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवायला गेली आणि तिच्या आठवणींवर जगभर नाटकं-सिनेमे झाले.

या बाईने जन्मभर सांगितलं की आपण वेल्समध्ये जन्मलो. नगर, बराकी, घराण्यातलं हिंदी रक्त, सगळं तिने झाकून टाकलं. तिच्या भाचीच्या मुलानेही तेच केलं. कार्लोफ सावळा होता. हॉलिवूडमध्ये सुरुवातीला त्याला अरब, हिंदी, मेक्सिकन अशाच भूमिका मिळत. त्याने रशियन वाटेल असं नाव घेतलं आणि ते आईच्या बाजूचं आहे असं सांगत राहिला.

पुस्तकखूण, तुमची ती आडवी रेघ वाचून मी थबकलो. १९३१ च्या सिनेमातही सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या पात्रासमोर नटाचं नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. तो प्रसिद्धीचा भाग होता हे कळतं. पण त्या प्रश्नचिन्हामागे उभा असलेला माणूस आपलं कूळ सांगायला कचरणारा होता हे कळल्यापासून मला ते प्रश्नचिन्ह वेगळं दिसतं. मी नगरच्या किल्ल्यावरून रोज जातो. माझ्या शाळकरी मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मग तो आपल्याकडचा का?" आपल्याकडचा म्हणता येणार नाही. पण सगळाच परकाही नाही.

रातवा

मी ड्रॅक्युलाच्या बाजूने बोलते, तिथली गंमत मला जास्त माहीत आहे.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. तिच्यातला काउंट पहिल्यांदा भेटतो तेव्हा म्हातारा आहे. लांब पांढऱ्या मिश्या, दाट भुवया जवळजवळ एकमेकींना भिडलेल्या, तळहातांवर केस. रक्त मिळत जातं तसा तो तरुण होत जातो. आणि तो लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा हिंडताना दिसतो! दिवसा त्याच्या शक्ती चालत नाहीत, इतकंच. उन्हाने तो मरतो हे पुस्तकात नाही. ते आणलं १९२२ च्या जर्मन मूकपटाने. त्या लोकांनी हक्क न घेताच नावं बदलून सिनेमा काढला होता. स्टोकरच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, दावा लावला आणि १९२५ मध्ये निकाल लागला की सगळ्या प्रती नष्ट करा. काही प्रती वाचल्या. आज शाळेतलं पोरसुद्धा सांगतं की ड्रॅक्युला उन्हात जळतो. एका बेकायदा सिनेमाची ही कल्पना, आणि ती मूळ पुस्तकाला पुरून उरली.

तो उंच कॉलरचा झगा नाटकातला. १९२४ साली इंग्लंडमध्ये डर्बीला हॅमिल्टन डीनने नाटक केलं. काउंट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला की कॉलरने डोकं झाकलं जावं आणि नटाला रंगमंचावरच्या चोरदारातून निसटता यावं, म्हणून ती कॉलर. कामापुरती सोय होती ती, आणि आज तेवढी कॉलर काढली तरी कुणाचं चित्र आहे हे कळतं. सुळ्यांचं उलट झालं. पुस्तकात अणकुचीदार दात आहेत, १९३१ च्या 'ड्रॅक्युला' सिनेमात लुगोसीला सुळेच नाहीत. ते ठसठशीत दिसायला लागले १९५० च्या दशकात, ख्रिस्तोफर लीच्या वगैरे काळात.

आणि शेवट. छातीत लाकडी खुंटी ठोकून तो मरतो असं सगळ्यांना वाटतं. पुस्तकात एकजण त्याचा गळा कापतो आणि दुसरा छातीत सुरा खुपसतो. गळा कापणाऱ्या हार्करच्या हातातलं हत्यार म्हणजे कुकरी, आपल्या गुरखा पलटणींची!

मागे गेलं तर अजून वेगळंच चित्र दिसतं. १७२५ ते १७३२ च्या सुमारास सर्बियातल्या खेड्यांतून ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी जे अहवाल पाठवले, त्यांतले रक्तपिपासू शेतकरी होते. फुगलेले, लालबुंद, कफनात गुंडाळलेले. त्यांना उमराव केलं ते पोलिदोरीने १८१९ मध्ये, कवी बायरनला डोळ्यांपुढे ठेवून. हा पोलिदोरी बायरनचा डॉक्टर. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी मेरी शेलीने आपली गोष्ट सुरू केली तेव्हा तोही त्याच घरात होता. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटून युरोपचा पुढचा उन्हाळा पावसात आणि थंडीत गेला, म्हणून ही मंडळी घरात बसून भुताच्या गोष्टी रचत होती. तो राक्षस आणि हा उमराव, दोघेही एकाच पावसातून आले.

पुस्तकखूण

रातवा, भुईकोट, दोघांचेही मनापासून आभार. नगरचा धागा मला अजिबात ठाऊक नव्हता. येत्या शनिवारी मुलांना सांगणार.

तळकोकण

मी वेंगुर्ल्याकडचा. धागा परदेशी राक्षसांचा आहे, पण वाचेचा मुद्दा वाचून आमच्या वेतोबाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आरवलीचा वेतोबा म्हणजे वेताळच. पण आमच्याकडे तो राक्षसही नाही आणि भूतही नाही, गावचा राखणदार आहे. देवळात माणसापेक्षा उंच, उभी मूर्ती. नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा घेऊन येतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात लोलयेला उघड्यावर उभा असलेला दगडी वेताळ आहे, तोही पुरातन. आम्ही त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे मोठ्या आवाजात, देवाशी समोरासमोर बोलणं. पीक, आजारपण, कोर्टाची तारीख, मुलाची नोकरी, सगळं त्याला सांगायचं.

माझी मुंबईची भावंडं सुट्टीत यायची तेव्हा त्यांना देवळाची भीती वाटायची. त्यांचा वेताळ टीव्हीवरचा होता. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागरांची मालिका आली, त्यातला पांढऱ्या पिंजारलेल्या केसांचा, राजाच्या पाठीवर बसून खदाखदा हसणारा. त्याआधी 'चांदोबा'त शंकर यांनी काढलेलं चित्र होतं: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे मसणवाट. आणि माझ्या काकाच्या पिढीला वेताळ म्हटलं की इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला आठवतो, कारण ली फॉकच्या फँटमचं नाव आपल्याकडे वेताळ ठेवलं होतं. एका नावाखाली तीन-तीन स्वारी. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना चौथाच भेटतो, कारण रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये या गोष्टी इंग्रजीत आणताना वेताळाला व्हँपायर करून टाकलं. वेताळ कुणाचं रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो आणि बोलतो.

ही गोष्ट मुळात आपल्याच मातीत सुरू होते. ११ व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात राजा उज्जैनचा नाही. गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज त्याला एक फळ आणून देतो, फळात रत्न असतं, आणि त्या बदल्यात तो राजाला मसणातून प्रेत आणायला सांगतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण शेवट फारसा कुणाला आठवत नाही. शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा वेताळ खूश होऊन त्याला सांगतो की भिक्षू तुझाच बळी देणार आहे, नमस्कार कसा घालायचा ते आधी त्याला करून दाखवायला सांग. वेताळ बोलला म्हणून राजा वाचला.

पुस्तकखूण, तुमचा राक्षस बोलायला येतो आणि ऐकणारा पळून जातो. आमचा बोलतो आणि ऐकणाऱ्याला तोंड मिटून ऐकावं लागतं. पुन्हा पुन्हा पाठीवर घेऊन, रात्रभर. मला वाटतं म्हणूनच वेताळाची वाचा कुणाला काढता आली नाही. टीव्हीने चेहरा बदलला, केस पांढरे केले, तरी बोलणं ठेवावंच लागलं. ते काढलं तर गोष्टच उरत नाही.

चिंचेचं झाड

भस्मासुर शब्दाबद्दल पूर्ण सहमत. मला पुस्तक वाचताना कर्ण आठवला होता. जन्मतःच टाकलेला, गुण असून दारातूनच परत पाठवलेला, आणि शेवटी चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिलेला. कर्णाला निदान राधा आणि अधिरथ मिळाले, याला तेही नाही. मराठी वाचकाला हा राक्षस समजावून सांगायचा असेल तर मी कर्णापासून सुरुवात करेन.

खूणगाठ

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतो, बावीस वर्षं झाली. मूळ लेखातली तळमळ पोचली, पण एका वाक्याला मला हरकत घ्यायची आहे. वाचा गेली तिच्याबरोबर त्याची बाजू गेली, असं तुम्ही म्हणता. माझ्या वर्गात बसलेल्या कुणालाही हे वाक्य दाखवायला मला जड जाईल.

मी १९३१ चा सिनेमा दरवर्षी मुलांना दाखवतो. त्यात एक प्रसंग आहे. राक्षस अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा येऊन बसतो. फ्रँकेनस्टाईन छतातली झडप उघडतो. वरून उजेड पडतो. कार्लोफ चेहरा वर करतो, उठतो, आणि दोन्ही हात हळूहळू उजेडाकडे नेतो, तो हातात धरता येईल असं वाटून. मग झडप बंद होते. तो निर्मात्याकडे वळतो आणि तेच हात त्याच्यापुढे पसरतो, तळवे वर. एक शब्द नाही. माझ्या मुलांना त्यानंतर काहीही समजावून सांगावं लागत नाही. ती त्या हातांकडे ज्या एकाग्रतेने बघतात तितक्या एकाग्रतेने मी त्यांना दुसरं काही बघताना पाहिलेलं नाही. लहानपणापासून त्यांनी हे अनुभवलेलं आहे: आपण हात पुढे करून काही सांगतोय आणि समोरचा माणूस तोंड फिरवतो आहे.

कार्लोफने पुढे सांगितलं होतं की लहान मुलांची पत्रं येत आणि त्यांना त्या प्राण्याची दया आलेली असे. १९३५ च्या सिनेमात राक्षसाला बोलतं करायला त्याचा विरोध होता. तो नट मूर्ख नव्हता. शब्दांशिवाय काय पोचतं आहे हे त्याला कळत होतं.

पुस्तकातल्या बोलण्याचं मोल कमी नाही. पण त्या नटाने त्याला भाषा दिली होती. ती हातांची होती. तुमच्या मुलांनी ताठ हात काढले, ते १९४३ चे. १९३१ चे हात त्यांना कुणी दाखवले नाहीत.

पुस्तकखूण

खूणगाठ, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर लिहायचं टाळलं. आज तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला, आवाज पूर्ण बंद करून. तुमचं बरोबर आहे. ते वाक्य मी ऐकू येणाऱ्या माणसाच्या सवयीने लिहिलं. वाचा म्हणजे जिभेवरची एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे, आणि तुम्हीही बहुधा नाही म्हणणार नाही. तो गुन्हेगाराचा मेंदू. एकीकडे कार्लोफचे हात सांगत असतात की याला फक्त उजेड हवा आहे, आणि दुसरीकडे गोष्ट प्रेक्षकाला आधीच सांगून बसलेली असते की मेंदूच खराब आहे, फसू नका. नट आणि कथा एकमेकांशी भांडतात. नंतरच्या शेकडो नकलांनी कथा उचलली, हात सोडून दिले.

तळकोकण, ऐकणाऱ्याने तोंड मिटायचं, हा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. पुस्तकातही व्हिक्टर थोडा वेळ ऐकतो, जोडीदारीण करून द्यायचं कबूल करतो, आणि मग अर्धवट झालेली ती स्वतःच्या हाताने फाडून टाकतो. ऐकलं, पण पाठीवर घेतलं नाही.

वाचनमात्र

हिरव्या रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. सिनेमा कृष्णधवल. पिअर्सने हिरवट-करडा रंग लावला, कारण त्या फिल्मवर तो प्रेतासारखा पांढुरका दिसायचा. नंतर पोस्टर, खेळणी आणि रंगीत टीव्हीने तो हिरवा खरा मानला. त्या रंगभूषेवर स्टुडिओने हक्क राखले होते, म्हणून १९५७ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीला आपला राक्षस वेगळ्या चेहऱ्याचा करावा लागला. तो चेहरा आज कुणाला आठवत नाही.

रातवा

आणि अलीकडे वाचा परत येते आहे. २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये डॅनी बॉयलने केलेल्या नाटकात प्राणी भरभरून बोलतो, आणि दोन नट आलटून पालटून निर्माता आणि प्राणी व्हायचे. गिलेर्मो देल तोरोच्या २०२५ च्या सिनेमातही तो आंधळ्या म्हाताऱ्याकडे शिकतो, वाचतो आणि स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. बोल्ट नाहीत. पण वाढदिवसाच्या दुकानात मुखवटा अजून सपाट डोक्याचाच मिळतो.

भुईकोट

पुस्तकखूण, शनिवारी काय झालं? मुलांना नगरचं सांगितलं का?

पुस्तकखूण

सांगितलं. पुस्तक संपवलं आणि पुन्हा कागद वाटले. या वेळी १७ जण होते. बोल्ट अजूनही निम्म्याहून जास्त कागदांवर आहेत, काही जण म्हणाले की नाहीतर ओळखू कसा येणार. ज्या मुलीने "हा बोलतो?" विचारलं होतं तिने त्याचा चेहराच काढला नाही. भिंत काढली, भिंतीत फट, फटीतून येणारा उजेड, आणि खाली, अंधारात, लाकडांची मोळी. त्यानंतर मी उजेडाचा प्रसंग आवाज बंद करून दाखवला. खूणगाठ यांचं नाव न घेता त्यांचं म्हणणं सांगितलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

खूणगाठ

पुस्तकखूण, क्षमेची गरज नव्हती, पण बरं वाटलं.

आमच्याकडची बातमी सांगतो. सांकेतिक भाषेत प्रत्येकाला नावाची एक खूण असते. दर वेळी अक्षरं एकेक करून कोण दाखवणार? मलाही आहे, चष्मा वर सारण्याची. मी वर्गात या धाग्याबद्दल सांगितलं, ती आडवी रेघ आणि ते प्रश्नचिन्ह फळ्यावर काढलं, आणि म्हटलं, याला २०० वर्षं नाव नाही, तुम्ही खूण द्या.

मोठी मुलं म्हणाली, मानेच्या दोन बाजूंना दोन बोटं. बोल्ट. बाहेरच्या कुणालाही लगेच कळेल. सहावीतली दोघं ऐकेनात. त्यांचं म्हणणं, दोन्ही तळवे हळूहळू वर, चेहरा वर. मोठ्यांनी सांगितलं की हे कुणालाच कळणार नाही, आणि खूण फार लांब होते. सहावीतल्यांनी सांगितलं की ज्याला कळणार नाही त्याला आम्ही गोष्ट सांगू.

तीन दिवस झाले, मधल्या सुट्टीत अजून वाद चालू आहे. दोन्ही खुणा वापरात आहेत.